मामा-मामींना कुठंही चालतं

...नाही, तलावाबद्दल माझी काही तक्रार नाही! तलाव बिचारा आपल्या जागी आहे, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. पण हा जो तलाव बघायला येणारा माणूस असतो ना, आणि त्यातून तो बायकोचा सख्खा मामा असतो, आणि त्यातून तो फोनवर म्हणतो की 'तुम्ही तिथलेच जावईबापू, तुम्हीच बघा कुठं उतरायचं ते, आम्हाला काय, कुठंही चालेल!'... तुम्हाला सांगतो, हे वाक्य ज्यानं जगात पहिल्यांदा उच्चारलं असेल ना, त्याला धरून त्याच तलावात... जाऊ दे. सकाळी सकाळी तोंड कशाला खराब करा!

म्हणजे कसं आहे, माझं इथं बाजारपेठेत चष्म्याचं दुकान आहे. पर्यटक येतात, नावेत बसतात, पाण्यात स्वतःचं तोंड बघायला वाकतात, चष्मा बुडाला की आमच्याकडे. त्या अर्थानं मीही तलावाच्याच कृपेवर जगतोय. घर पण काठावरच. मोठं नाही हो, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पण आतल्या खोलीला एक खिडकी आहे, आणि त्या खिडकीतून पलंगावर पडल्या पडल्या अख्खा तलाव दिसतो. ही खिडकी म्हणजे आमच्या घराचं वैभव, आणि हीच आमची साडेसाती! कारण ही खिडकी आहे हे हिच्या माहेरी यच्चयावत सगळ्यांना ठाऊक. आमचं लग्न कधी झालं ते विचारा, कुणाला आठवायचं नाही. खिडकी पाठ!

गेल्या खेपेला मामा-मामी आले ते 'चारच दिवस' म्हणून आले. चार दिवसांनी मामांना हवा मानवली. त्यानंतर मामींना मानवली. मग दोघांना मिळून मानवायला लागली! आणि आम्ही दोघं तेवढे सगळे दिवस बाहेरच्या खोलीत जमिनीवर. सकाळी आपल्याच खोलीतल्या आपल्याच कपाटातून आपलाच शर्ट काढायला आपण दार वाजवायचं, आणि आतून आवाज, 'कोण आहे?' अहो, कोण आहे म्हणजे? घरमालक आहे! पण तसं म्हणवतं का? आपण म्हणायचं, 'मी... जावई.' की आतून, 'थोड्या वेळानं या हं, आत्ता कुठं डोळा लागलाय.' आणि मामींनी जाता जाता स्वयंपाकघरातले डबे लावून दिले. 'उंचीप्रमाणे लावलेत गं छकुली!' — आमची ही पन्नाशीला आली, पण मामींची अजून छकुलीच — तर ते डबे असे काही उंचीप्रमाणे लागले की पुढं कित्येक दिवस आमच्याकडे चहात मीठ आणि भाजीत साखर.

तेव्हा या वेळी फोन आल्याबरोबर ही मला म्हणाली, 'हे बघा, ते घरी उतरले तर मी जाऊन हॉटेलात राहीन.' शांतपणे म्हणाली. बायको ओरडली ना, की घाबरू नये. शांतपणे बोलली की मात्र उठून कामाला लागावं.

आता मला सांगा, तुमच्या स्वतःच्या गावातल्या हॉटेलात तुम्ही कधी राहिलाय? कोण राहतं? मला हॉटेलं माहीत आहेत ती बाहेरून. फार तर कुठल्या मॅनेजरला जवळचं दिसत नाही आणि कुठल्याला लांबचं, एवढं माहीत. म्हणून आधी मोबाइलवर बघितलं. अरे बापरे! गावातलं एकजात प्रत्येक हॉटेल तलावाच्या कुशीत! एवढी माणसं कुशीत घ्यायची तर तलावाला तरी किती कुशी असाव्यात? आणि खोल्यांच्या जाती बघा... 'संपूर्ण दर्शन', 'अर्ध दर्शन' आणि 'पार्श्व दर्शन'. हे पार्श्व दर्शन काय असतं ते मी प्रत्यक्ष जाऊन बघितलं. न्हाणीघरात बादली उलटी ठेवायची, तिच्यावर चढायचं, झरोक्यातून मान बाहेर काढून डावीकडे वळवायची... की दिसतं! काय दिसतं? शेजारच्या हॉटेलचं न्हाणीघर. तिथंही एक जण बादलीवर उभा!

आणि हा सगळा आटापिटा कुणासाठी? तर मामांसाठी! अहो, मामांचे डोळे मी स्वतः तपासलेत. मोतीबिंदू पिकलाय. काढा म्हटलं तर काढत नाहीत. पाच हातांपलीकडे त्यांना तलाव काय, डोंगर काय, हत्तींचा कळप काय, सगळा एकच धुरळा! पण मागणी काय? 'बाकी आम्हाला कुठंही चालेल, फक्त तलाव समोर पाहिजे.'

तर मी निघालो खोल्या बघायला. पाण्याला लागून जे पांढरं हॉटेल आहे, तिथला मॅनेजर माझं जुनं गिऱ्हाईक. मी आपला सरळपणानं म्हणतो, 'एक खोली पाहिजे. दोन माणसांसाठी.' तो चष्म्याच्या वरून बघतो. मीच दिलेला चष्मा! 'तळमजल्यावरची हवी,' मी म्हणतो, कारण मामांचे गुडघे. 'अगदी कोपऱ्यातली, शांत,' कारण मामींची झोप. 'आणि पुढच्या पायऱ्या नकोत, मागच्या दारानं आत येता येईल का?' परत गुडघेच हो! पण त्याला काय माहीत कुणाचे गुडघे? तो खालच्या आवाजात, 'साहेब... घरी माहितीये का?' मी म्हणतो, 'म्हणजे काय? तिनंच तर पाठवलंय!' त्याचा आ वासला तो मिटेचना. मी घाईघाईनं, 'अहो, माझ्यासाठी नाही, पाहुणे आहेत, वयस्कर आहेत!' तर डोळा मिचकावून म्हणतो, 'सगळे हेच म्हणतात.'

आणि मी एका ठिकाणी थांबलो असतो तर गोष्ट वेगळी, पण मी पडलो चोखंदळ, अजून दोन हॉटेलांत जाऊन हेच सगळं, हेच मागचं दार, हीच कोपऱ्यातली खोली... घरी पोचेपर्यंत गावभर झालेलं! ही दारातच उभी, कमरेवर हात. 'काय हो, हॉटेलांतून खोल्या बघत हिंडताय म्हणे? दोघांसाठी?' मी म्हटलं, अगं, तसलं काही नाही... तर ही खो खो हसायला लागली! 'मला माहितीये हो! मी सांगितलं त्यांना, यांच्याच्यानं नाही व्हायचं ते. यांना साधी चादर घ्यायची तर मला दुकानात न्यावं लागतं!' आता यावर माणसानं सुटकेचा निःश्वास टाकायचा की अपमान वाटून घ्यायचा? मी दोन्ही केलं.

पण शेवटी ते पांढरं हॉटेलच ठरवलं, आगाऊ पैसे भरले — परत न मिळण्याच्या बोलीवर — आणि मामा-मामी उतरले. गाडीतून पाय खाली टेकतोय न टेकतोय तोच मामा, 'कशाला एवढा त्रास घेतलात जावईबापू? आम्हाला काय, कुठंही चालेल!' मी मनात म्हटलं, देव पावला. खोलीत नेलं. पडदा सारला. बाहेर पाणीच पाणी, आणि त्यावर ऊन असं पसरलेलं की मी या गावात जन्म काढला तरी क्षणभर बघत राहिलो. मागं बघतो तर मामी गादीवर बोट दाबतायत. मग नळ सोडला, बंद केला. पुन्हा सोडला. मग कान देऊन उभ्या. 'काय झालं मामी?' 'पाणी फार जवळ आहे हो.' 'अहो, तलाव आहे!' 'हो, पण रात्रभर आपलं चुबुक चुबुक, चुबुक चुबुक... मला बाई परातीत झोपल्यासारखं होईल. आमचं काही नाही हो, आम्हाला कुठंही चालेल, पण हे नको.'

बरं. टेकडीवरच्या हॉटेलात नेलं. तिथं चुबुक नाही, काही नाही. मामा खिडकीत उभे राहिले, बघितलं, बघितलं... 'तलाव दिसत नाही.' 'तो काय समोर!' 'कुठं?' आता हा समोरचा धुरळा म्हणजेच तलाव हे त्यांना पटवणार कसं? मग मामीच म्हणाल्या, 'इथून पाणी फार लांब पडतं.' म्हणजे जवळचं जवळ आहे म्हणून नको, लांबचं लांब आहे म्हणून नको! तिसरीकडे तर आत पाऊलही नाही टाकलं. मामींनी दारातूनच वास घेतला आणि म्हणाल्या, 'इथं आदल्या माणसांनी भांडण केलेलं दिसतंय.' भांडणाचा वास येतो? तुम्हाला येतो? मला सव्वीस वर्षांत माझ्या स्वतःच्या घरात आला नाही!

शेवटी मामा म्हणाले, 'दमलो. तुमच्याकडे घोटभर चहा घेऊ आणि मग बघू.' घरी आलो, दार हिनंच उघडलं, मी हिच्याकडे बघितलं नाही. हिंमतच झाली नाही. मामा तडक आतल्या खोलीत, पलंगावर टेकले, बूट काढले, पाय वर घेतले, मामींनी खिडकी उघडली, आणि मामा कसे म्हणतात माहितीये? 'हे काय वाईट आहे? उगाच वणवण केलीत जावईबापू. आम्ही तर पहिल्यापासून सांगतोय, आम्हाला कुठंही चालतं!'

हिनं चहा केला. कप विसळले. मग पिशवीत चार कपडे भरले आणि हात पुढं केला, 'पावती.' मी म्हटलं, कसली पावती? 'पांढऱ्या हॉटेलची. पैसे भरलेत ना? वाया कशाला घालवायचे?' मी हळूच म्हटलं, 'मग मीही येतो की. खोली दोघांची आहे.' तर म्हणते, 'पाहुण्यांना एकटं टाकून दोघांनी जायचं? बरं दिसतं का ते?' आणि गेली! मी आत सांगितलं, बहिणीकडे गेलीय.

संध्याकाळी तिच्याकडे गेलो. ओट्यावर आरामखुर्चीत बसलेली, पाय कठड्यावर, हातात दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा. तुम्हाला सांगतो, आमच्या अख्ख्या संसारात इतकी निवांत बसलेली मी तिला कधी बघितली नव्हती. वाईट वाटलं हो. खरंच वाटलं. हे आपण तिला घरी का नाही देऊ शकलो, असं काहीतरी मनात आलं... तेवढ्यात ती म्हणाली, 'चुबुक चुबुक काय छान झोप लागते!' मी म्हटलं, अगं, पण घरी कधी येणार? 'ते गेले की त्याच दिवशी.'

ठीक आहे. चार दिवस काढू, म्हटलं. भांडी घासली, चहा दिला, दार वाजवून शर्ट मागितले. पण मामा पडले फिरायला जाणारे. तलावाकाठून चालले होते, हिनं त्यांना बघितलं, त्यांना अर्थातच ही दिसली नाही... पण मामी होत्या ना बरोबर! मामींचे डोळे मी तपासलेले नाहीत, पण पैज लावतो, घारीला लाजवतील. 'अहो, ती छकुली ना?' छकुलीच! हॉटेलात! एकटी! आणि काठावर कणीस विकणाऱ्यानं वर माहिती पुरवली, 'चष्मेवाले ना? अहो, हल्ली ते हॉटेलांतून खोल्या बघत हिंडत होते. मागच्या दाराच्या!'

झालं. मी दुकानातून आलो तर दोघं गंभीर चेहऱ्यानं बसलेले. मामांनी मला समोर बसवलं. 'जावईबापू, आम्हाला सगळं कळलंय.' 'काय कळलंय?' मामींनी डोळ्याला पदर. 'अगं बाई, एवढ्या मोठ्या दुःखात असूनही पोरीनं आम्हाला चहा करून दिला गं!' मी म्हटलं, अहो, दुःख कसलं, आमचं उत्तम चाललंय! मामा म्हणतात, 'उत्तम चाललंय म्हणून बायको हॉटेलात आणि नवरा भांडी घासतोय?' आता यावर काय उत्तर द्याल? द्या ना! मी शेवटी मनाचा हिय्या केला, डोळे मिटले आणि सांगून टाकलं: 'मामा, ती तुमच्यामुळे गेलीय. तुम्ही आमच्या खोलीत आहात म्हणून गेलीय.'

बाहेर तलाव चुबुक चुबुक. मला वाटलं, आता उठतील, बूट घालतील. मामा उठलेही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या मायेनं म्हणाले, 'हेच... दोष दुसऱ्यावर ढकलायचा. संसार मोडतात ते इथूनच.' आणि मग छातीवर हात ठेवून, 'पण तुम्ही काळजी करू नका. तुमचं दोघांचं पुन्हा सुरळीत होईपर्यंत आम्ही इथून हलत नाही!' परतीची तिकिटं तिथल्या तिथं रद्द!

मी धावत हॉटेलात. हिला सगळं सांगितलं. ही म्हणते, 'ते हलल्याशिवाय मी येत नाही.' ते म्हणतात, ती आल्याशिवाय आम्ही हलत नाही. आता हे गणित कुणी शिकलेल्या माणसानं मला सोडवून दाखवावं!

तर सध्या असं चाललंय. मॅनेजर रोज बिल पुढं करून मला विचारतो, 'ताई आज पण आहेत ना?' आणि एवढ्यावर भागत नाही म्हणून मामांनी त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे हिच्या मावशीला, बोलावणं धाडलंय. नवरा-बायकोची समजूत घालण्यात त्यांचा हातखंडा आहे म्हणे. त्यांचा स्वतःचा नवरा गेली कित्येक वर्षं दुसऱ्या गावात राहतो, ती गोष्ट निराळी. मी विचारलं, 'अहो, पण त्यांची उतरायची सोय कुठं करायची?' मामा-मामी दोघं नुसते बाहेरच्या खोलीकडे बघत राहिले. तिथं माझी गादी होती. मी आपण होऊनच गुंडाळली. कुणी सांगायच्या आत उचलली ना, की तेवढाच मान राहतो.