खांबाच्या खाचेची चटई

जबाब. सोमवार, ३ जून. नाव सबीना अनाक न्यांबोंग, वय ५४ वर्षे, धंदा मिरीची लागवड व आठवडी बाजारासाठी घरापुढची टपरी भाड्याने देणे, राहणार कांपोंग सिरांग, जिल्हा बाऊ, सारावाक.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, वरील ठिकाणी मी नवऱ्यासह राहते. रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, माझी धाकटी जाऊ एथेल राहते. तिचं घर सिमेंटचं आहे. तिचा मुलगा जहाजावर आहे, त्याच्या पैशातून बांधलं. माझं घर लाकडाचं आहे आणि मधल्या खोलीत सासऱ्यांच्या वेळचा खांब आहे.

आमच्या गावातून सीमेपर्यंत चालत जाता येतं. दर शनिवार-रविवारी पलीकडून, इंडोनेशियातून, लोक माल घेऊन येतात. भाषा आमचीच, प्रार्थना आमचीच, फक्त त्यांना यायला पास लागतो. त्यांपैकी सिंदिंग गावची मार्सेलिना वेताच्या चटया विकते. आठ वर्षं ती माझ्या टपरीत बसली, माझ्या चुलीवर भात शिजवला. तिच्या धाकट्या मुलीचं नाव मी ठेवलेलं आहे. जानेवारीत ती एथेलच्या टपरीत गेली. माझं छप्पर गळतं, असं कारण सांगितलं. छप्पर गळतं हे खरं आहे, पण ते आठही वर्षं गळत होतं.

खरं कारण मला नंतर कळलं. एथेलने सीमेपलीकडे पैसे घातले आणि सिंदिंगला विणकामाची शेड उभी केली. तिथल्या बायका विणतात, माल एथेलच्या दारात उतरतो आणि तिथून कुचिंग शहरातल्या दुकानांत जातो. दोघी निम्म्या-निम्म्या भागीदार आहेत. एथेलला वेत आणि बांबू यातला फरक कळत नाही. आयत्या बिळावर नागोबा. हे लिहून घ्यावं.

आता चोरीबद्दल. गावाईला, म्हणजे सुगीच्या सणाला, आमच्याकडे मधल्या खोलीत नवी चटई अंथरतात आणि पाहुण्यांना तिच्यावर बसवून तुआक, म्हणजे तांदळाची दारू, देतात. माझी चटई दर वर्षी मार्सेलिना स्वतः विणून आणते. खोलीत खांब असल्यामुळे तिला एका बाजूने खाच ठेवावी लागते. यंदा चटई आली नाही. माझे पाहुणे जुन्या चटईवर बसले. शनिवारी सकाळी मला खिडकीतून एथेलच्या व्हरांड्यात नवी चटई दिसली. तिला खाच होती. एथेलच्या अख्ख्या घरात खांब नाही. एथेलचे पाहुणे त्या चटईवर बसले असणारच. मी पाहिलं नाही, मी पडदा ओढून घेतला होता. माझ्यासाठी विणलेली वस्तू दुसरीच्या दारात गेली, म्हणून मी काल चोरीची तक्रार दिली आणि दोघींची नावं सांगितली.

आज सार्जंट बुजांग साहेबांनी दोघींनाही बोलावून घेतलं. मार्सेलिनाचा पास त्यांनी टेबलावर ठेवून घेतला आहे. गुन्हा नोंदवला तर पास रद्द होईल आणि तिला पुन्हा या बाजारात येता येणार नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मला ते आधीपासून माहीत होतं.

मार्सेलिना म्हणाली, "ताई, शुक्रवारी दुपारी मी चटई घेऊन आले होते. दार वाजवलं. शनिवारी उजाडताच परत आले. आत रेडिओ चालू होता."

मी म्हणाले, "मग हाक मारायचीस."

"मारली की! रेडिओ आणखी मोठा झाला."

इथे साहेब हसले. हसल्याचं लिहू नये असं त्यांचं म्हणणं आहे. मी लिहायला सांगते.

एथेल म्हणाली, "ही रडवेलं तोंड करून माझ्याकडे आली. मी म्हटलं, आण ती चटई, जाऊबाईंच्या खिडकीसमोरच अंथरते. जळून कोळसा झाल्या तरी रस्ता ओलांडून न्यायला येतील. तुम्ही तर थेट पोलिसात!"

"पाहुणे बसवलेस ना तिच्यावर?"

"कुणाला बसू दिलं नाही हो. खाचेत मांजर जाऊन बसली होती, तिलाही उठवलं."

दोघींना बाहेर बसवून साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, शेडचं मार्सेलिनाने आधी मलाच विचारलं होतं. माझ्या चुलीपाशीच विचारलं. मी म्हणाले, "सीमेपलीकडे पैसे घालायचे म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं." तिने एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते.

पुन्हा विचारल्यावरून सांगते की, शुक्रवारी आणि शनिवारी दार वाजलं तेव्हा मी घरातच होते. हाक मार्सेलिनाची आहे हे मी ओळखलं होतं. तिच्याजवळ चटई आहे हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, एथेलचं कौतुक ऐकवायला आली. ते ऐकण्याची माझी तयारी नव्हती आणि आजही नाही.

सबब चोरी झालेली नाही. माझी तक्रार मी मागे घेते. मार्सेलिनाचा पास तिच्या हातात द्यावा. चटई मी आज घरी नेईन.

वरील मजकूर साहेबांनी मला वाचून दाखवला. 'चोरीची तक्रार दिली' तिथे काट मारायची का, असं त्यांनी विचारलं. दिली होती ती दिली होती, राहू द्यावं, असं मी सांगितलं. एथेल आणि वेताविषयीचं वाक्य काढायचं का, असंही विचारलं. तेही राहू द्यावं, ते खरं आहे. बाकी सगळं मी बोलले तसंच उतरलं आहे. फक्त 'दुसऱ्यांदा विचारलं असतं तर' हे वाक्य साहेबांनी आणखी एकदा, जरा मोठ्याने वाचावं, अशी मी विनंती केली, कारण मार्सेलिना दाराबाहेर बाकावर बसली आहे. त्यांनी वाचलं. मग मी सही केली.