ब्रेकचा दांडा

लावा, लावा हात, मॅडम, काही होत नाही – फक्त त्या दाराला धक्का नको. दाराच्या कडीत ती बारीक तार दिसते ना, माल भरल्यावर सील लावायची? ती माझ्या मिशीचा केस आहे. खरंच! तांब्याची तार लावून बघितली, जाड दिसत होती. ही मालगाडीची वाघीण खऱ्या डब्यापेक्षा सत्त्याऐंशीपट लहान, मग तारही सत्त्याऐंशीपट लहान नको? आणली असती कुठून? आरशात बघितलं, म्हटलं ही काय इथेच आहे. बसा ना. ती खुर्ची नको, ती डुगडुगते – ही घ्या. आणि खालची खडखड मनावर घेऊ नका, ते धाकट्याचं शिलाई मशीन. माझा धाकटा भाऊ, खाली त्याचं टेलरिंगचं दुकान, कोट शिवतो, चाळीस वर्षं झाली. वर मी. मी छत्तीस वर्षं कवळ्या केल्या. डॉक्टर माप घ्यायचे, दात मी बसवायचो. ही सगळी हत्यारं तिकडचीच – ही कोरणी, हे भिंग, हा चिमटा. लोक म्हणतात, दातांवरून एकदम मालगाडीवर कसे आलात? म्हटलं, सोपं आहे, वाघिणी तक्रार करत नाहीत की चावताना दुखतं.

रिव्हेट मोजलेत ना तुम्ही? बघितलं मी, ओठ हलत होते तुमचे. एका बाजूला दोनशे चौदा. आता खरीखुरी रिव्हेट काही एवढी छोटी मिळत नाहीत – पातळ पत्रा घ्यायचा, मागून सुईने एकेक टिंब दाबायचं, पुढून उठाव येतो. दोनशे तेरा नीट आली आणि चौदावं वाकडं गेलं, की पत्रा टाकायचा आणि पुन्हा एकपासून. असे सहा पत्रे टाकले. खालचा गंज बघितलात? सगळीकडे सारखा नाही लावायचा गंज. पाणी जिथे साचतं तिथे जास्त, माणसाचा हात लागतो तिथे कमी. दाराच्या कडीपाशी बघा, चकाकतंय. हात लागून लागून. आमच्या छोट्या आगगाड्या करणाऱ्यांच्या क्लबातली मंडळी मला काय म्हणतात माहितीये? रिव्हेटमोजे. आपल्याला काय, खरंच आहे ते. दुसऱ्याच्या डब्याला एक फळी कमी असली तर मला जेवण जात नाही.

हो, येतो, येतो दांड्यावर येतो. तुम्ही त्याचसाठी आलात, मला काय कळत नाही? गेल्या महिन्यात तुमचं पत्र आलं. संग्रहालयाचं नाव वर छापलेलं, मी उभ्याउभ्याच फोडलं. 'अत्यंत बारकाईचं काम', 'दालनात काचेच्या कपाटात ठेवण्यास आम्ही उत्सुक आहोत' – वाचून माझे पाय जमिनीवर राहिले नव्हते, सांगतो. आणि मग आला तो 'मात्र'. मात्र ब्रेकचा दांडा उलट्या बाजूला आहे, तेवढी दुरुस्ती करावी. बस. पत्र घडी घालून ह्या खणात, पेपराखाली. धाकट्याला दाखवलंच नाही. काय उत्तर देणार होतो तुम्हाला? म्हटलं गप्प बसावं, विसरतील. तर काल खाली दुकानात तुमचा फोन, आणि आज तुम्ही स्वतःच हजर! आजच यादी पक्की करायचीय म्हणता. माझं म्हणणं असं की, दांडा तसाच होता. नव्हता का? भिंतीवरचा फोटो बघा ना. वाघिणीचं हे टोक, इथे दांडा, डावीकडे. आणि शेजारी उभे आहेत ते आमचे बाबा. माल यार्डात वाघिणी तपासायचे – चाकं, कड्या, ब्रेक – आणि नादुरुस्त असली की खडूने फुली मारायची, की ती बाजूला काढतात. फुलीच मारतायत ते फोटोत. बाबांचा हा एवढा एकच फोटो आमच्याकडे. त्याची एक प्रत इथे, एक धाकट्याच्या दुकानात. पुरावा समोर असताना –

हां. आणलात म्हणजे नकाशा. कारखान्यातला. नका उलगडू, मॅडम, राहू दे. माझ्याकडे आहे तो. नऊ वर्षं आहे.

ठाऊक आहे मला. ह्या जातीच्या वाघिणीला दांडा नेहमी उजव्या टोकाकडे, कुठल्याही बाजूने उभे राहा. डावीकडे दांडा असलेली एकही झाली नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर, नकाशा बरोबर, आणि फोटो उलटा. फोटोवाल्याने निगेटिव्हची काच पालथी घातली असणार छापताना. अक्षर असतं फोटोत तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, पण वाघिणीचा नंबर बाबांच्या पाठीआड गेलाय आणि फुली काय, उलटी केली तरी फुलीच. नकाशा आला त्या दिवशी मी भिंग घेऊन बसलो फोटोपुढे. बाबांच्या कोटाची बटणं बघितली – पट्टी उलटी, बायकांच्या कोटासारखी. म्हटलं, झालं. आता शंकाच नको. त्या दिवशी दांडा बसवायचाच राहिला होता. इथे टेबलावर पडलेला, रंग देऊन तयार. आणि मी तो उचलला आणि डावीकडे चिकटवला. मी! रिव्हेटमोजा!

का म्हणजे काय – आता तुम्ही असं बघताय माझ्याकडे – का ते सांगायचं तर लांबण लागेल. मशीन चालू आहे ना खाली? मग ठीक आहे. मशीन चालू आहे तोवर त्याला काही ऐकू जात नाही.

तर असं. धाकटा डावखुरा. पहिल्यापासून. सहा वर्षांचा असताना मास्तर त्याच्या डाव्या हातावर पट्टी मारायचे – उजव्याने लिही, उजव्याने लिही. एक दिवस घरी आला तो बोटं सुजवून. रडला नाही, ते जास्त वाईट. जेवायला बसला आणि हात मांडीखाली घेऊन बसला. म्हणाला, दादा, माझाच हात का असा? मी किती, नऊ वर्षांचा. मला काय सुचणार? समोर फोटो होता. म्हटलं, वेडा आहेस का, बाबांचा पण असाच होता! हे बघ, खडू कुठल्या हातात आहे? डाव्या. बाबा सगळं डाव्याने करायचे. मला डाव्याने भरवायचे. मला डाव्या हाताने उचलून खांद्यावर घ्यायचे. मला आठवतं ना! अशी दणदणीत थाप. आई तिथेच, वाढत होती. ती थांबली. तिला ठाऊक नसेल होय, नवरा कुठल्या हाताचा ते? माझ्याकडे बघितलं, धाकट्याकडे बघितलं, आणि म्हणाली, हो, डावखुरेच होते, जेव आता. संपलं. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या वर्गात उभा राहून मास्तरांना म्हणतो, आमचे बाबा डाव्या हाताने अख्खी मालगाडी थांबवायचे! मास्तरांनी कपाळाला हात लावला. पण पट्टी सुटली. आणि ह्याने परत कधी हात लपवला नाही.

आणि मग काय, मागे फिरायची सोयच राहिली नाही. रोज विचारायचा – दादा, बाबा हसायचे कसे? चालायचे कसे? तुला आठवतं, मला काहीच नाही आठवत, तू सांग. ते गेले तेव्हा तो अकरा महिन्यांचा. मी सांगायचो. बाबांच्या आवडीची भाजी, बाबांची शीळ, बाबा चिडले की काय म्हणायचे. रचून रचून सांगायचो, आणि तो आ वासून ऐकायचा. पहिल्या पगारात मी त्याला डावखुऱ्यांची कात्री आणून दिली, तर म्हणतो काय, ही बाबांनी दिली असती ना, दादा? म्हटलं हो. आजही गिऱ्हाइकाचं माप घेताना सांगतो, आमच्यात हा हात वडिलांकडून आलाय. त्याचा बाप म्हणजे ह्या फोटोतला डावा हात. आता मी दांडा उजवीकडे केला, की तो विचारणार, दादा, फोटोत तर डावीकडे आहे. मग फोटो उलटा. मग खडू उजव्या हातात. मग डाव्याने भरवलं कोणी? साठ वर्षांचं सगळं तुमच्या त्या एका दांड्यावर टांगलंय, मॅडम.

मला? मला किती आठवतात? कसलं आठवतंय! चार वर्षांचा होतो मी. एक खोकला आठवतो, तोही शेजाऱ्यांचा असेल. काहीही आठवत नाही मला बाबांचं. हे आजवर कोणाला बोललो नव्हतो. तुम्ही गप्प बसून ऐकता ना, त्याचा परिणाम. असो.

म्हणून सांगतो, काचेचं कपाट राहू द्या. हवं होतं, नाही कशाला म्हणू? अकरा वर्षं घालवलीत ह्या वाघिणीवर, ती लोकांनी बघावी, खाली आमच्या बाबांचं नाव असावं – जीव होता त्यात. क्लबातला पोरगेला माणूसही तोंडावर सांगून गेला, काका, दांडा चुकला. सगळे हसले, मीही हसलो. हसण्यावारी नेता येतं. तुम्ही यादीतून काढून टाका, धाकट्याला मी सांगेन की जागा नव्हती. एवढी एक थाप आणखी, काय बिघडतंय!

चला, निदान सगळं बघून तरी जा. इकडे या, तो रुमाल काढा त्यावरचा. ही बैठक, हे रूळ, आणि हा पुतळा, दोन सेंटीमीटरचा – बाबा. माणसं धाकट्याच्या खात्यात. डबे माझे, माणसं त्याची. त्याच्या माणसांना मी भिंग लावायचं नाही, माझ्या डब्यांना त्याने नावं ठेवायची नाहीत, असं आमचं ठरलेलंच आहे, नाहीतर रोज मारामारी. हा नवीन आहे हां. आधीचा नऊ वर्षं इथे उभा होता, चांगला होता. पण गेल्या महिन्यात धाकटा वर आला आणि म्हणाला, दादा, बाबांचा रंग उडालाय, नव्याने करतो. मला तर कुठे उडालेला दिसला नाही. नेला. आज सकाळी आणून बसवला, वर रुमाल घातला आणि म्हणाला, मॅडम आल्यावर दोघं मिळून बघा. मी तेव्हा झाडू मारत होतो, कुठला बघतोय! कोट बघा, खरं कापड वाटतं की नाही? खडू म्हणजे पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा. डाव्या हातात –

काय?

नाही हो. डाव्याच. फोटोवरूनच करतो तो. तुम्ही समोरून बघताय म्हणून तसं – द्या ते भिंग. द्या इकडे.

उजव्या.

उजव्या हातात आहे. आणि कोटाची पट्टी – पट्टी बरोबर घातलीय. पुरुषाच्या कोटाची. … अहो, तो कोट शिवतो. चाळीस वर्षं कोट शिवतोय, आणि तो फोटो त्याच्या कापायच्या टेबलासमोर टांगलेला आहे. मला भिंग घेऊन जी बटणं दिसली, ती त्याला – पहिल्या दिवसापासून दिसत असणार. आणि गिऱ्हाइकांना सांगतो, हा हात वडिलांकडून आलाय. मला ऐकू यावं एवढ्या मोठ्याने सांगतो. दांडा चिकटवला तेव्हा इथेच उभा होता, तुमच्या जागी, चहा घेऊन. बघितलं आणि म्हणाला, छान दादा.

गेल्या महिन्यात म्हणालो ना मी? रंग उडालाय म्हणाला तो गेल्या महिन्यात. तुमचं पत्र … ह्याच खणात होतं. पेपराखाली. पेपर रद्दीला तोच देतो.

मशीन बंद झालं. जिन्यावर पाय वाजतोय, चहा घेऊन येत असेल. नकाशा राहू द्या, मॅडम, तसाच उघडा राहू द्या टेबलावर. नाही, डोळ्यांत काही नाही, गंजाची पूड आहे, उडते ती.

ये रे. ठेव तिथे. बिस्किटं कशाला आणलीस, मॅडम निघाल्याच आहेत. धाकट्या, ती बारीक पक्कड दे इकडे, आणि दिवा जरा जवळ धर. दांडा काढायचाय. धर नीट, हलवू नकोस. मॅडम, नाव घाला यादीत, आणि आता तुम्ही या. आम्हाला जरा काम आहे.