आवाज न करणारी गाडी

...पण आवाजच नाही म्हटल्यावर माणसानं करायचं काय, सांगा ना! तुम्हाला सांगतो, उभी हयात गेली गॅरेजात. ट्रक, बस, ट्रॅक्टर, म्हणाल ते. बॉनेटला हात न लावता नुसतं ऐकून सांगायचो, ह्याचा पट्टा सैल झालाय, त्याचं नोझल चोंदलंय, आणि हा ड्रायव्हर घरी भांडून आलाय म्हणून क्लचवर राग काढतोय! हसताय काय? तेही बरोबर निघायचं. अहो, आवाजावरून आजार ओळखणारा माणूस मी!

आणि अशा माणसाच्या दारात पोटच्या लेकीनं काय आणून उभं करावं? हायब्रीड! थोडी पेट्रोलवर, थोडी बॅटरीवर. स्वतःच्या कमाईची हं, बापाकडून दमडी न घेता. अभिमान आहे, नाही कुठं म्हणतोय? अहो, लेक दवाखान्यात बाळंत झाली, जावई तिच्यापाशी, गाडी आमच्या दारात, मग नात घरी यायच्या आदल्या संध्याकाळी अख्खी बिल्डिंग बोलावून दाखवली की मी! हा दिवा लाव, तो विझव, काचा खाली, काचा वर, पंखा, गाणी... आणि इंजिन चालू न करता बरं का, उगाच पेट्रोल कशाला जाळा! वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे तर विमानच की हो!" छाती अशी फुगली होती माझी!

तर दुसऱ्या दिवशी नातीला घरी आणायचं. लेकीचा हट्ट, "बाबा, माझी पोर पहिल्यांदा घरी येणार ती माझ्याच गाडीतून." चालवणार कोण? तर ही! आमची ही! मला नाही जमत, माझा डावा पाय क्लच शोधत बसतो. ही मात्र लेकीकडून गुपचूप शिकली. नवी ओढणी घेऊन ऐटीत बसली, ब्रेक दाबला, बटण दाबलं... शून्य! दिवा नाही, टिकटिक नाही, काही नाही.

तेवढ्यात लेकीचा फोन. "बाबा, निघालात ना?"

"निघालोच!"

निघालोच म्हणे! समोरचे बँकवाले धावत आले. ह्यांना कुठलंही दुखणं सांगा, औषध एकच. "ढकला!" अहो, ढकलून कशी चालू होईल, हिला क्लच कुठंय? "तुम्ही ढकला तर खरं!" ढकलली. फाटकापर्यंत ढकलली, नि परत मागं ढकलली. गाडी ढिम्म, बँकवाल्यांची कंबर मात्र चालू झाली, ओय ओय करायला लागली. मी म्हटलं, बाजूला व्हा. अहो, आवाजावरून आजार ओळखणारा माणूस मी!

कान लावला. आता आवाजच नाही तर ओळखणार काय, कपाळ? मग डोकं चालवलं. दिवेसुद्धा लागत नाहीत म्हणजे छोटी बॅटरी मेली. गाडी चालवायला एक मोठी बॅटरी असते ना, पण तिला जागं करायला एक छोटी लागते. ती पुढं नाही, तर डिकीत, गालिच्याखाली लपवलेली! सापडली की नाही? सापडली! का मेली म्हणाल तर... असू दे. विमान दाखवायला खर्च येतोच.

बँकवाल्यांच्या गाडीवरून वायरी जोडल्या. म्हटलं, "दाब गं." दाबलं. सगळे दिवे लागले! आणि आवाज? नाही! "पुन्हा दाब." दाबलं, दिवे गेले. "पुन्हा!" दिवे आले. आवाज नाही. "पुन्हा!"

ही ओरडली, "अहो, चालू झालीय ती! समोर लिहिलंय, तयार म्हणून!"

"लिहिलेलं काय वाचतेस? मी ऐकतोय ना!"

"तुम्ही ऐकताय आणि मी बंद करतेय! तिकडं पोर वाट बघतेय. काढा त्या वायरी!"

काढल्या. डिकी लावली, पाठ फिरवून वायरी गुंडाळल्या. म्हटलं, आता पुढून शेवटचं ऐकतो. बॉनेटकडं वळलो, तर बॉनेट कुठंय? गाडी कुठंय? अहो, माझ्या पाठीमागून गेली की फाटकाबाहेर! हूं नाही की चूं नाही. मी तिथंच उभा, हातात वायरी, कान हवेत. पण तुम्हाला खरं सांगतो, वळणावर हिनं एका हातानं चाक असं काही फिरवलं... बँकवाल्यांना म्हटलं, "बघितलंत? बायको आहे माझी!"

सगळे घरी आले तेही कळलं नाही. पाठीमागून जावयाचा हात खांद्यावर, "बाबा, बघा कोण आलंय." लेक थकलेली, पण हसत होती. म्हणाली, "रस्ताभर झोपली होती बाबा, गाडीचा आवाज नाही ना." गोधडीत एवढंसं तोंड. डोळे भरून आले हो माझे, लपवायचं काय त्यात? मी हळूच वाकलो, सवयीनं छातीला कान लावला...

आणि तिनं जो टाहो फोडला म्हणता! अख्खी बिल्डिंग गॅलरीत! धक्का नाही, वायर नाही, पहिल्या फटक्यात स्टार्ट! म्हटलं, ही खरी आमच्या घरची! काय ठणठणीत आवाज, कुठं घरघर नाही, कुठं खरखर नाही. आवाजावरून आजार ओळखणारा माणूस मी, सांगतो ना, एक नंबर पोर आहे!

फक्त महिना होत आला... बंद कशी करायची, ते काही अजून सापडत नाहीये. त्या गाडीत घेऊन बसलं की तेवढी झोपते, म्हणून रोज बसतो बापडा मागच्या सीटवर. ही चालवते.