बंब निघण्याआधीची सही

...नाही पण मला सांगा, ह्यात माझं काय चुकलं? म्हणजे चुकलं, सगळंच चुकलं, पण ठराव करून चुकलं हो! सूचक, अनुमोदक, इतिवृत्तात नोंद, सगळं रीतसर! उगाच कोणी म्हणायला नको की दादूशेठचा तोल गेला. दादूशेठ म्हणजे मी. बंदरपाड्याचा नगरसेवक, आणि गेल्या वर्षापासून आमच्या नगरपरिषदेच्या सुरक्षा आणि अग्निशमन समितीचा सभापती. गावाचं नाव सांगत नाही. पालघर आणि बोईसरच्या मधे कुठंतरी धरा. आधीच लोक वाटेत थांबवून हसतायत, त्यात तुमची भर कशाला?

आता ही समिती मला मिळाली कशी? तुम्हाला सांगतो, बांधकाम समितीला अकरा जण इच्छुक, पाणीपुरवठ्याला नऊ, आणि आगीला... कोणीच नाही! आग विझवायची कोणाला हौस? त्या दिवशी सभेत मी जरा दोन मिनिटं बाहेर गेलो होतो, म्हणजे... जावं लागतं हो माणसाला, चहा तीनदा झाला होता! परत येतो तर टाळ्या. नगराध्यक्ष म्हणतात, "अभिनंदन दादूशेठ, एकमताने!" मी म्हटलं, कशाबद्दल? तर म्हणे, आजपासून गावाची सुरक्षा तुमच्या देखरेखीखाली. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर चंद्रकांता काय म्हणाली? "तुमी आग इजवणार? गॅसवर दूध उतू जातं तवा म्होरं बसून पेपर वाचता!"

पण मी मनावर घेतलं. घेतलं ना! दुसऱ्याच दिवशी अग्निशमन केंद्रावर गेलो. एक बंब, चार माणसं आणि त्यांचा प्रमुख भगवंत. हा भगवंत लातूरकडचा, माणूस सोन्यासारखा, पण नियमाचा इतका पक्का की तुम्ही त्याला 'बस' म्हणालात तर तो खुर्ची कोणाच्या नावावर आहे ते आधी बघणार. मी म्हटलं, "भगवंत, बंब कुठाय?" तर म्हणाला, "साहेब, हळदीला गेलाय." हळदीला! बंब! कुठल्याशा नगरसेवकाच्या पुतण्याची हळद, पाणी कमी पडलं, बोलावला बंब. क्रिकेटचं मैदान भिजवायचं, बंब. मंदिराची पायरी धुवायची, बंब. नवी टाकी भरायची, बंब. वर्षभरात बंब आगीला गेला सहा वेळा आणि मांडवाला गेला एकतीस वेळा. त्यातले दोन मांडव माझ्या घरचे होते, ते सोडा, तेव्हा मी सभापती नव्हतो.

मी खवळलो. सर्वसाधारण सभेत उभा राहिलो आणि ठराव मांडला: यापुढे मोठा सायरन वाजल्याशिवाय बंब फाटकाबाहेर पडणार नाही! म्हणजे कसं, सायरन वाजला की अख्ख्या गावाला कळणार बंब निघाला, मग बघू कोणाची छाती होते टाकी भरून घ्यायची! बाकं वाजली हो, बाकं! सूचक कोण? मीच!

मग सायरन आणायला मी स्वतः गेलो. दुकानदार म्हणाला, एक किलोमीटरचा घ्या, पुरेल. मी म्हटलं, छे, आहे त्यातला सगळ्यात मोठा द्या. चार किलोमीटरचा आणला. केंद्राच्या गच्चीवर बसवला, नारळ फोडला, आणि शनिवारी सकाळी साडेअकराला चाचणी ठेवली.

आता तुम्हाला सांगतो, आमच्याकडे सायरनची कमी आहे का हो? कारखान्यांचा पाळीचा सायरन, सुट्टीचा सायरन, अणुवीज केंद्राच्या आपत्तीच्या रंगीत तालमीचा सायरन... आमच्या बायका घड्याळ बघत नाहीत, सायरनवर कुकर उतरवतात! चंद्रकांताचं ठरलेलं, सायरन झाला की गॅस बंद. हे मला माहीत नव्हतं का? चोवीस वर्षं तोच भात खातोय! पण सभापती झाल्यावर माणसाला घरातलं काही आठवत नाही.

बटण दाबलं. बाप रे... माझीच टोपी उडाली. पाचव्या मिनिटाला कुंभवलीच्या बाजूच्या कारखान्यांची पाळी डबे घेऊन गेटाबाहेर! एक भाई माझ्यापुढे सायकल थांबवून विचारतो, "शेठ, आज जल्दी छुट्टी हो गया क्या?" मी म्हटलं, नाही नाही, जा आत! तर म्हणतो, "अभी तो कार्ड पंच हो गया!" शाळेत पोरं तालमीत शिकवल्याप्रमाणे बाकांखाली शिरली, आणि बाहेर या असं सांगायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही, चाळीस मिनिटं! बंदरपाड्यातल्या बायांना वाटलं समुद्रात वादळ आलं, त्यांनी वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडणीवर, वाळत घातलेले बोंबील धावत धावत काढले, ओले ते ओले, आणि घरात नेऊन कोंबले. तीन दिवस पाड्यात नाक धरून फिरत होतो आम्ही. आणि निम्म्या गावात त्या दुपारी कच्चा भात! चंद्रकांतानं ताट पुढ्यात आदळलं. "खा. तुमच्या देकरेकीखाली शिजवलाय."

मग काय, पुढच्या सभेत सगळे माझ्यावर. एक म्हणतो सायरन विका, एक म्हणतो सभापती विका. मी कसा गप्प बसणार? उभा राहिलो, घसा साफ केला, दुसरा ठराव मांडला: सायरन वाजवण्यापूर्वी चोवीस तास आधी गावात लेखी सूचना देण्यात यावी, तातडीच्या प्रसंगी सभापती आपल्या सही-शिक्क्यानिशी ही अट शिथिल करू शकतील, आणि व्हॉट्सअॅपवरचा निरोप ग्राह्य धरला जाणार नाही. हे शेवटचं वाक्य तर मला तिथल्या तिथे सुचलं! काय टाळ्या पडल्या! सूचक कोण? मीच!

गोल शिक्का करून घेतला पालघरहून. सभापती, सुरक्षा व अग्निशमन. खिशातच ठेवायचो. बसमधे, लग्नात, कोणी भेटलं की उगाच रुमाल काढायचा आणि शिक्का खाली पाडायचा. "अरे, पडला वाटतं." चंद्रकांताच्या वाण्याच्या यादीवरसुद्धा एकदा मारला, मग वाण्यानं डाळ आधी दिली, मीठ मंजुरीसाठी ठेवलं.

आता तुम्ही हुशार माणसं, तुमच्या लक्षात आलं असेल. सायरनशिवाय बंब नाही, आणि सहीशिवाय सायरन नाही. पण तिथे एकोणीस नगरसेवक बसलेले, मुख्याधिकारी बसलेले, एकाच्या तरी लक्षात यावं? माझ्या कसं येणार, मी टाळ्या मोजत होतो!

आणि मग मे महिना. दुपारचे तीन. मी कुठे? गोजराकडे. गोजरा म्हणजे माझी धाकटी बहीण, पाड्याच्या टोकाला राहते, नवरा बोटीवर. तिच्या घरामागे झावळ्यांची खोप, आणि खोपीत काय? सुके बोंबील. दिवाळीपासून वाळवलेले, एकेक बोंबील तिच्या हातचा. पावसात बोटी किनाऱ्याला लागल्या की घरात मासळीचं नाव नसतं, चार महिने हेच खायचं आणि हेच पालघरच्या बाजारात विकायचं. अख्खा पावसाळा त्या खोपीत रचून ठेवला होता तिनं. मी जेवून नुकता आडवा झालो होतो, आणि गोजरा ओरडली. "दादा! खोप पेटली!"

वायर शॉर्ट झाली असेल, काय झालं देव जाणे. झावळ्या कशा पेटतात तुम्हाला माहीत आहे, बघता बघता! गोजरानं विहिरीवरून बादली उचलली, दुसरी माझ्या हातात दिली. "दादा, धर, टाक पाणी!" आणि मी... मी काय केलं असेल? बादली खाली ठेवली. खरंच ठेवली हो! म्हटलं, "थांब, मी सभापती आहे, मी बंब आणतो!" आणि फोन लावला.

"भगवंत, बंदरपाड्यात आग! बंब काढ!"

"काढतो साहेब. पण सायरन?"

"वाजव!"

"वाजवतो साहेब. पण सही?"

"अरे मीच बोलतोय ना!"

"आवाज ओळखला साहेब. पण लेखी..."

"फोटो पाठवतो सहीचा, व्हॉट्सअॅपवर!"

तो मग अगदी हळू, जसं घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगावं तसं म्हणाला, "साहेब, ते ग्राह्य नाही. तुम्हीच..." 

सूचक कोण? मीच!

स्कूटर काढली. मागे धूर, पाड्यातल्या बाया हंडे घेऊन धावतायत, आणि मी उलट्या दिशेला! येसूबाई, सत्तरी ओलांडलेली म्हातारी, डोक्यावर कळशी, ती ओरडली, "अरे दादू, आग हिकडं हाय!" मी म्हटलं, "माहीत आहे!" आता ह्याच्यापुढे काय बोलणार ती?

केंद्रावर भगवंत दारातच अर्ज घेऊन उभा. बंब चालू करून ठेवलेला, पाइप तयार, माणसं आत बसलेली, त्यांचं काही चुकलं नव्हतं हो. अर्जात रकाने. अर्जदाराचं नाव: मी. कोणाकडे अर्ज: माझ्याकडे. आगीचं स्वरूप: किरकोळ, मध्यम, गंभीर, योग्य तिथे खूण करा. आग किती वेळ चालण्याची शक्यता आहे? मी म्हटलं, भगवंत, हा रकाना कोणी घातला? त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बरं बरं. सही केली, शिक्का मारला, उमटला नाही, शाई वाळलेली! थुंकी लावून पुन्हा मारला. सभापतीला अर्ज केला, सभापतींनी सहानुभूतीपूर्वक विचार केला, मंजूर केला.

सायरन वाजला. बंब निघाला, मी पुढे भगवंतच्या शेजारी. आणि नाक्यावर काय? अख्खी दुसरी पाळी सुटली असं समजून सायकली घेऊन रस्त्यावर! "शेठ, छुट्टी?" मी खिडकीतून हात जोडतोय, बाबांनो, बाजूला व्हा, माझ्या बहिणीचं घर जळतंय... ते हात जोडले बघून त्यांना वाटलं निवडणूक आली. त्यांनीही हात जोडले.

पोचलो तेव्हा आग विझलेली होती. बायांनी विझवली, हंड्या-कळश्यांनी. घर वाचलं. खोप गेली, पण निम्मे बोंबील त्यांनी ओढून बाहेर वाळूत काढले होते, ढीगच्या ढीग, कोरडे. मी देवाचे आभार मानले. तेवढ्यात भगवंतनं पाइप हातात घेतला. मी म्हटलं, अरे विझलीय! तर म्हणाला, "आत धग असते साहेब. आणि बंब बाहेर पडला की आगीवर पाणी किती मारलं ते लिहावं लागतं. शून्य लिहिलं तर हळदीला गेला असं समजायचं, ठराव आहे." तिसरा ठराव. तुम्हाला मी सांगितलाच नव्हता. लाज वाटते हो!

आणि पाणी सुटलं. राखेवर पडलं, राखेपलीकडे वाळूवर पडलं... आगीतून राहिलेले बोंबील गोजराच्या डोळ्यांसमोर भिजले. सुका बोंबील एकदा भिजला की गेला, ते तुम्हाला सांगायला नको. गोजरा रडली नाही. ओरडलीही नाही. हाताला फोड आलेले, ओल्या वाळूत बसली आणि मला म्हणाली, "दादा, एक बादली कमी पडली रे. तुजीच." मला आयुष्यात एवढी शरम कधी वाटली नव्हती. शिक्का खिशात होता, तो मला टोचत होता.

परवा सभा झाली. मी राजीनामा लिहून नेला होता, खरंच, ह्या खिशात होता. मुख्याधिकाऱ्यांनी अहवाल वाचला: अर्ज, छाननी, अट शिथिल करणे, सही, शिक्का, अंमलबजावणी, एकूण वेळ अकरा मिनिटं! सभा थक्क झाली. नगराध्यक्ष उठून म्हणाले, "आपल्याकडे साध्या नळाच्या अर्जाला दोन वर्षं लागतात, दादूशेठनी कागद अकरा मिनिटांत हलवला!" अभिनंदनाचा ठराव मंजूर. एकमतानं. ह्या वेळी सूचक मी नव्हतो हो, शप्पथ! राजीनामा खिशातच राहिला. सोमवारी माझा सत्कार आहे.

तसाच गोजराकडे गेलो. म्हटलं, मी जाणार नाही सत्काराला, तोंड दाखवायची सोय नाही. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "जा की. शाल वयनीला दे, नारळ मला आणून दे. पावसात कालवणाला कायतरी लागंल ना."

म्हणून जातोय. आयोजकांना तेवढं सांगून आलो, की शाल नको, हार नको, मानपत्र तर नकोच, त्याऐवजी नारळ जरा जास्ती द्या. ते म्हणाले, "देऊ की, केळव्याहून मागवतो. किती हवेत, दादूशेठ?"

म्हटलं, बहिणीचा पावसाळा निघेल एवढे.