आठ पोती वाळू

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष श्री. मानसिंगराव, व्यासपीठावर बसलेले हेडमास्तर आठल्ये, माझ्या जागी आलेले नवे मोटार इन्स्पेक्टर श्री. वर्टीकर, भोरच्या मोटार स्टँडवरचे सगळे मालक, ड्रायव्हर, क्लीनर मंडळी, नसरापूर-वेल्ह्याकडून एवढ्या उन्हात आलेले पाहुणे, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

आज मला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि चांदीच्या फ्रेममधलं हे मानपत्रही मिळालं. मानपत्र मास्तरांनी लिहिलंय, त्यामुळे भाषेत नाव ठेवायला जागा नाही. त्यांनी माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीला 'निष्कलंक' म्हटलं आणि पुरावा म्हणून एक प्रसंगही सांगितला. छत्तीस साली नसरापूरच्या गेनबा मिस्त्रीनं घरी जोडलेली एक धोकादायक मोटार लेले साहेबांनी, म्हणजे मी, जिवाची पर्वा न करता तपासली, तिचा दोष उघडा पाडला आणि उद्या तिच्यात बसणाऱ्या माणसांचे प्राण वाचवले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मागच्या रांगेतल्या एका माणसानं वाजवल्या नाहीत, तेही मी पाहिलं.

मास्तर, तुमचा यात काही दोष नाही. तुम्ही माझा रिपोर्ट वाचून लिहिलंत. तो रिपोर्ट खोटा आहे.

अध्यक्षमहाराज, मला कल्पना आहे की उत्तराच्या भाषणाला दहा मिनिटं ठेवलेली आहेत. थोडी जास्त लागतील. सभेनं तेवढं सहन करावं.

ज्यांना गेनबा मिस्त्री ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा मूळचा लोहारकाम करणारा माणूस. लॉऱ्यांवर काम करता करता मोटारी शिकला. आंबवड्यात एका गृहस्थांची जुनी टूरिंग मोटार चिंचेखाली सहा वर्षं पडून होती. पाणी आटलेलं कुणाच्या लक्षात आलं नाही आणि इंजिनाचा ब्लॉक तडकला, म्हणून ती टाकून दिलेली. मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालत. मिस्त्रीनं त्या गृहस्थांचा पाण्याचा पंप दुरुस्त करून दिला आणि मोबदल्यात ती मोटार मागून घेतली. चार बैल लावून नसरापूरला दारात आणली. भोंगवलीजवळ एक माल लॉरी उलटून मोडली होती, तिचं इंजिन धड होतं. ते त्यानं मिळवलं, आणि ठरवलं की हे इंजिन या मोटारीत बसवायचं आणि नसरापूर ते वेल्हे सर्व्हिस सुरू करायची. त्या काळी वेल्ह्याकडचा माणूस आजारी पडला तर झोळीत घालून आणत. आजही आणतात, आणि ते माझ्यामुळे.

हा बेत माझ्या कानावर आला तेव्हा मी स्टँडवर चहा पीत होतो. भोवती पंधरा-वीस जण असतील. मी म्हणालो, "लॉरीचं इंजिन त्या खटाऱ्यात घरच्या घरी बसलं, तर मी मिशा उतरवीन!" सगळे हसले. मलाही आपण फार शहाणं बोललो असं वाटलं.

अकरा महिने तो माणूस राबला. घरापुढं सागाचे तीन वासे उभे केले, त्यांना विहिरीवरचं चाक बांधलं आणि त्यावरून दोर घेऊन जुनं इंजिन उचललं, नवं खाली सोडलं. दोर धरायला त्याची बायको धोंडाबाई. भात्यावर तीच. नवं इंजिन लांब निघालं, म्हणून त्यानं रेडिएटर पुढं सरकवला. चाकांकडे जाणारा दांडा चार बोटं कापून पुन्हा जोडला. इंजिन टेकवायला लोखंडी कान स्वतः ठोकून काढले. मापं घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेली. मी एकदा सहज म्हणून जाऊन आलो होतो. सहज नव्हे, अडचण शोधायलाच गेलो होतो. सापडली नाही.

गाडी सुरू झाली. स्टँडवर लोक मला विचारू लागले, "सायेब, न्हावी बोलवायचा का?" हे रोज. मी हसायचो. पण घरी आल्यावर जेवण गोड लागत नसे. बंधुभगिनींनो, सरकारी माणसाला राग आला की तो नियमाचं पुस्तक काढतो. मीही काढलं.

मार्च महिन्यात पासिंगसाठी मी नसरापूरला गेलो. गाडी चांगली होती, हे आज दहा वर्षांनी सांगतो. मिस्त्रीनं स्वतःहून तिचं उणं सांगितलं. पुढच्या चाकांवर स्प्रिंगच्या ज्या पट्ट्या असतात, त्यांना ही मंडळी पाटे म्हणतात, ते पाटे जुन्याच इंजिनाच्या वजनाचे होते. नवं इंजिन सव्वा मण जड. तो म्हणाला, "सायेब, नवं पाटं ममईहून यायचं हाईत. पंधरा दिस लागतील. तवर नेमाइतकंच वजन घाला."

तपासणीत माणसांच्या वजनाऐवजी वाळूची पोती घालतात, नियमाप्रमाणे ती पाच होत होती. वेल्ह्याहून कोंडिबा आले होते, त्यांनी पोती चढवली. वेल्ह्याच्या वाटेवर एक लांब उतरण आहे, उजवीकडे डोंगर, डावीकडे ओढ्याची घळ. ती उतरण आम्ही पाच पोती घेऊन उतरलो, पुन्हा वर आलो. गाडी कुठं कुरकुरली नाही. सही करायला मी पेन काढलं. तेव्हा वर जमलेल्या वेल्ह्याच्या लोकांतून कुणीतरी मिशांबद्दल काहीतरी बोललं, आणि सगळे हसले.

मी पेन खिशात घातलं आणि म्हणालो, "आणखी तीन पोती घाला. पुन्हा एकदा जायचं."

मिस्त्री खाली उतरून माझ्यासमोर उभा राहिला. "न्हाई सायेब. आट पोती ह्या पाट्यावर न्हाई पेलायची."

"मग तपासणी अपुरी म्हणून लिहू?"

"अपुरी कशी? पाच वडली की. तुमी बसला व्हता."

"लिहू का?"

त्यानं मागं वळून त्या वेल्ह्याच्या माणसांकडं पाहिलं. ती सकाळपासून उन्हात बसली होती. मग तो स्टिअरिंगच्या चाकामागं जाऊन बसला. मी त्याच्या डाव्या हाताला बसलो. आठ पोती कुठल्याही नियमात नव्हती.

उतार लागला. त्यानं ब्रेकवर पाय ठेवला तसं मी म्हणालो, "ब्रेक नको. वेग राहू द्या. दमदार आहे ना इंजिन तुमचं?" त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही, पाय तेवढा काढून घेतला. दुसऱ्या वळणावर पुढून बंदुकीसारखा आवाज आला. डावा पाटा तुटला. गाडीचं तोंड खाली बसलं आणि चाक आपोआप डावीकडं, घळीकडं ओढलं गेलं. माझ्या बाजूला जमीन दिसायची बंद झाली. खाली ओढ्यातले दगड दिसत होते. मी ओरडलो असेन, मला आठवत नाही.

जुन्या मोटारींचा हातब्रेक गाडीच्या बाहेरच्या अंगाला असतो, ड्रायव्हरच्या उजव्या हाताशी. मिस्त्रीनं डाव्या हातानं चाक डोंगराकडं फिरवलं आणि उजव्या हातानं तो ब्रेक धरला. गाडी खडकाकडं निघाली. ब्रेकवरचा हात बाहेर होता. हात आत घ्यायला वेळ होता, एवढं मी शपथेवर सांगतो. तो हात आणि तो खडक मी दोन्ही पाहत होतो. पण त्यासाठी त्याला ब्रेक सोडावा लागला असता आणि गाडी पुन्हा डावीकडं गेली असती. त्यानं सोडला नाही.

गाडी खडकाला घासत थांबली. मला ओरखडाही नव्हता. त्याचा हात खडक आणि ब्रेकचा दांडा यांच्यामध्ये अडकलेला. मी हलायला लागलो तर तो म्हणाला, "सायेब, हळू. आदी तुमी उतरा. गाडी हलंल."

मला थोडं पाणी द्या.

तीन बोटं गेली. अंगठा आणि एक बोट राहिलं. उजवा हात, लोहाराचा.

मी रिपोर्ट लिहिला. 'वाहनाची रचना सदोष. चालकाने वेगावर ताबा ठेवला नाही. नेमके पाच पोती वजन.' आठवड्यानं मिस्त्री हाताला फडकं गुंडाळून माझ्या कचेरीत आला. बसा म्हटलं तर बसला नाही. म्हणाला, "सायेब, आट पोती तुमी घालाया लावली, येवडं लिवा. बाकी काय बी लिवा."

मी म्हणालो, "रिपोर्ट वर गेला, मिस्त्री. आता काही करता येत नाही."

अध्यक्षमहाराज, रिपोर्ट वर गेला नव्हता. तो टेबलाच्या खणात होता आणि त्या खणावर माझा हात होता. मिस्त्री गेल्यावर मी तो टपालात टाकला.

त्याचं लायसन रद्द झालं. गाडीला परवानगी मिळाली नाही. मला मात्र शाबासकीचं पत्र आलं. उतरणीच्या माथ्यावर उभ्या असलेल्या कोंडिबांना कुणी जबाबाला बोलावलं नाही. ते आज मागच्या रांगेत आहेत, आणि टाळी न वाजवणारे तेच. उभे राहू नका कोंडिबा, बसा.

काय म्हणता? हो, मोठ्यानं म्हणा. सभेला ऐकू द्या.

"आट पोती हुती. म्या सोता चडवली. दा वरसं सांगतूया, कुनी मानलं न्हाई."

ऐकलंत? आता मानायला हरकत नसावी.

यानंतरची दहा वर्षं मी नसरापूरची कामं शक्य तितकी दुसऱ्यावर ढकलली. जावंच लागलं तर मिस्त्रीच्या दारावरून जाताना तिकडं न बघता पुढच्या लॉरीच्या टपावर काय लादलंय ते बघत बसायचो. गेल्या रविवारी मात्र उतरलो. मिस्त्री डाव्या हातानं एका लॉरीचे नट आवळत होता. उजव्या हाताचं ते एक बोट नटाला नुसतं टेकू देतं. ती मोटार छपरात उभी आहे. पुढं नवे पाटे आहेत, तेव्हाचेच, मुंबईहून पंधराव्या दिवशी आलेले. त्यानं ते दवाखान्यातून परतल्यावर बसवले. चालवायची परवानगी नसलेल्या गाडीला.

धोंडाबाई बाहेर आल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सायेब, आमाला वाचाय येत न्हाई. त्या कागदावर ह्यांच्या हाताचं काय लिवलं हुतं तुमी?"

मला तो रिपोर्ट पाठ आहे. मी म्हणून दाखवला. हाताचं त्यात काहीच नव्हतं.

"पाच पोती लिवली?"

"हो."

"मंग खोटं लिवलं."

"हो, धोंडाबाई. खोटं लिहिलं."

त्या आत निघून गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत. मी मिस्त्रीला म्हणालो की मी वर कळवतो, जे व्हायचं ते होऊ दे. त्यानं पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "वरच्या सायबांना तुमी काय बी कळवा. म्या खोटा हाय ते हितल्या लोकांनी आयकलं. हितल्या लोकांम्होरं बोला."

मी म्हटलं, "शनिवारी माझा निरोप समारंभ आहे. तुम्ही या. तुमच्यासमोर बोलतो."

"म्या न्हाई येनार. तुमी बोलला का न्हाई, ते मला मानसं सांगतील."

म्हणून आज मी इथं बोललो. खरा रिपोर्ट मी परवा लिहिला, आठ पोत्यांसकट आणि हातासकट. त्याची एक प्रत वर गेली आहे. या वेळी खरंच गेली आहे, पोस्टाची पावती जोडली आहे. दुसरी प्रत, अध्यक्षमहाराज, ही आपल्या हाती देतो. आपण ती चावडीवर लावावी. आणि मास्तर, तुमचं मानपत्र मला नेता येणार नाही. फ्रेम चांगली आहे, शाळेच्या कामाला येईल.

श्री. वर्टीकर, आपण येत्या बुधवारी त्या मोटारीची फेरतपासणी ठेवली आहे, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. गाडी कशी आहे ते आपण आपल्या डोळ्यांनी पाहा, माझ्या शब्दावर जाऊ नका. एकच विनंती. पोती मोजून घाला. आणि मिस्त्री नको म्हणाला, की थांबा.

अध्यक्षांचे, मास्तरांचे, हा समारंभ घडवून आणणाऱ्या स्टँडवरच्या मंडळींचे आणि शेवटपर्यंत बसून राहिलेल्या आपणा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्यात कुठं अडखळलो असेन, कुणाचं नाव राहिलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर ते पदरात घ्या. त्या रिपोर्टाची क्षमा आपल्याकडे मागत नाही, ती देणं आपल्या हातात नाही.

नसरापूरवरून जाणारी माणसं सभेत पुष्कळ दिसतात. आज घरी जाताना त्यांच्यापैकी कुणीतरी मिस्त्रीच्या दाराशी थांबा, आणि त्याला सांगा, लेले बोलला.