शिफ्ट तीच, चहा बदलला

…म्हणजे चहातली साखर बंद! झालं! एवढाच उपाय सुचला यांना! तुम्हाला सांगतो, मॅनेजरसाहेबांकडे गेलो शिफ्टचं बोलायला आणि बाहेर आलो ते अख्ख्या कारखान्याच्या शिव्या खायला. "काय रे कॉलेजवाल्या, तुझ्यापायी चहाचा काढा झाला!" अरे, साखर काढा असं मी म्हटलंच कधी? मी म्हणत होतो, झोप द्या!

आता हा माझा दादा, सख्खा मोठा भाऊ, पहिल्याच रांगेत बसलाय. बाटल्या भरायच्या मशीनवर उभी जवानी गेली त्याची. अंगावर मूठभर मांस नाही, गोड समोर आलं की तोंड वाकडं, आणि तपासणीत रक्तातली साखर काठावर! डॉक्टरीणबाई विचारतात, "गोड फार खाता?" नाही. "आईवडिलांना मधुमेह?" नाही. "मग झोपता किती?" यावर दादानं माझ्याकडे असं बघितलं, जणू बाई कुण्या मयत नातेवाइकाची ख्यालीखुशाली विचारतायत! दर आठवड्याला शिफ्ट बदलते हो, शरीरानं समजायचं तरी काय? दिवसा अंथरुणावर पडावं, तर वरच्या मजल्यावर फरशी कापतायत. वहिनी बिचारी शिट्टी नको म्हणून कुकर शेजारणीकडे नेऊन लावते! बाई म्हणाल्या, "झोपेचे असे हाल झाले की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, साखर रक्तातच रेंगाळते. अजून वेळ गेलेली नाही, रोज ठरल्या वेळी झोपा, नाहीतर मग जन्मभराच्या गोळ्या." दादा म्हणाला, "बाई, हे आमच्या साहेबांना सांगा ना."

मीच सांगितलं! तर साहेब खुर्चीत रेलून, "कामगारांचं आरोग्य म्हणजे आमचा जीव की प्राण! उद्यापासून चहात साखर नाही!" साहेब, झोप द्या! "लिफ्ट बंद करू, जिने चढा." साहेब, झोप! "हां हां, झोप… फारच महत्त्वाचा विषय. व्याख्यान ठेवू या. हजेरी सक्तीची. आणि तूच बोल, शिकलेला आहेस."

आणि व्याख्यान कधी? रात्रपाळी सुटल्या सुटल्या! म्हणजे आत्ता! तुम्ही घरी जाऊन पडायचं त्याच वेळेला तुम्हाला इथं खुर्च्यांवर बसवून मी सांगायचं, की झोप चांगली असते! डोकं फिरेल नाहीतर काय होईल माणसाचं? पण मी म्हणतो, बरं झालं! सगळे एकत्र सापडलोय ना? मग आत्ताच ठरवू. दर आठवड्याची ही फिरवाफिरवी बंद, नाहीतर मशीन बंद! आहे हिंमत? करा हात वर!

…करा ना.

…एक तरी? मागची रांग? अहो काका?… दादा, तू तरी… दादा?

घोरतोय.

नाही, नाही साहेब, आत येऊ नका. दारातूनच बघा. हात जोडतो, उठवू नका कुणाला, मीच हळू बोलतो… आणि वर कळवून टाका, झोपेचं महत्त्व सर्वांना पटलं.