आजवर कधी झालंच नव्हतं

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या.

"आमचे साहेब म्हणाले, सध्याचा काळ अनप्रेसिडेंटेड आहे."

"म्हणजे गं काय?"

"म्हणजे असं आजवर कधी झालंच नव्हतं."

"कसं?"

"आमच्या अख्ख्या विभागाला घरी बसवलंय, आई."

"अगं बाई! तुलाही?"

"मलाही."

"तुझ्या बाबांना याच कंपनीनं असंच तर घरी बसवलं होतं! तेव्हाच्या साहेबांनी चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला..."

"यांनी पण चहा पाजला."

"बिस्किटं?"

"होती."

"मग आजवर न झालेलं ते काय झालं?"

"जाऊ दे ना. बाबांना कसं सांगू?"

"नोकरी गेली, एवढंच सांग. तो शब्द मात्र काढू नकोस. आत्ता कुठे नीट झोपायला लागलेत. पुन्हा विचारत बसतील, 'मग माझ्या वेळी काय झालं होतं?'"